सोन्याचे नॅनोरॉड, ८०८ नॅनोमीटरचा लेसर आणि गांडुळाचा चेतारज्जू: नाशिकच्या प्रयोगशाळेसाठी कृती

सोन्याचे नॅनोकण चेतातंतूलगत ठेवून त्यांवर प्रकाशाचा आखूड पल्स टाकला, तर ते प्रकाश शोषून झटकन तापतात आणि त्या जागी तंतू उद्दीपित होऊ शकतो. जनुकात फेरफार करावा लागत नाही. हे का घडते ते आधी नीट समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक कृती त्यावरच बेतलेली आहे.

व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या जोनाथन वेल्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नुसत्या अवरक्त लेसरने जिवंत प्राण्याची चेता उद्दीपित करून दाखवली. त्यात प्रकाश शोषायचे काम ऊतीतले पाणीच करत होते. २०१२ मध्ये मिखाइल शापिरो, फ्रान्सिस्को बेझानिया आणि सहकाऱ्यांनी कारण उलगडले. पाणी झटकन तापले की पेशीपटलाची विद्युतधारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते, आणि ती वाढत असेपर्यंत पटलातून विध्रुवण करणारा, म्हणजे पेशीला उद्दीपनाकडे नेणारा, प्रवाह वाहतो. हा प्रवाह तापमान किती चढले यावर नव्हे, तर किती वेगाने चढले यावर ठरतो. २०१५ मध्ये बेझानियांच्याच गटाने २० नॅनोमीटरचे सोन्याचे गोल कण चेतापेशींना चिकटवून ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाने स्पाइक (चेतेतले क्षणिक विद्युत संकेत) काढले. याच्या उलटही होते: नॅनोरॉड, म्हणजे सोन्याचे काडीसारखे लांबट कण, सतत तापवत ठेवले तर चेतापेशी गप्प बसतात, हे दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले आहे.

थोडक्यात, चेतेला ऊब नको, चटका हवा. लेसर लावून मिनिटभर वाट पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

खालची कृती एमएस्सी किंवा पीएचडीच्या संशोधन प्रकल्पासाठी आहे. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतून विच्छेदन युजीसीने बंद केले आहे. तेव्हा गांडूळ अपृष्ठवंशी असले तरी कॉलेजच्या नैतिकता समितीपुढे प्रस्ताव ठेवा आणि लेखी परवानगी हातात आल्यावरच सुरुवात करा. माणसाच्या कातडीवर, स्वतःच्या हातावरसुद्धा, यातले काहीही करून बघायचे नाही. या रॉडचे इंजेक्शन तर अजिबात नाही.

सीटॅब आणि नाशिकची थंडी

नॅनोरॉड वाढतात ते सीटॅबच्या द्रावणात. हा साबणासारखा पदार्थ साधारण २५ अंश सेल्सिअसखाली स्फटिक होऊन तळाशी बसतो. निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की नाशिकच्या प्रयोगशाळेत सकाळी सीटॅबची बाटली पांढऱ्या लगद्याने भरलेली दिसते. द्रावण बिघडलेले नसते. ३५ अंशांच्या पाण्यात बाटली बुडवून पूर्ण पारदर्शक होऊ द्या, मग वापरा. अर्धवट विरघळलेले सीटॅब घेतले तर सांद्रता चुकते आणि रॉड वाढतच नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळी वाढ २८ अंशांच्या वॉटर बाथमध्येच करा. सेंट्रिफ्यूजचा रोटरही आधी खोलीच्या ऊबदार भागात आणून ठेवा. थंड रोटरमध्ये सीटॅबचे स्फटिक गोळ्याबरोबर खाली बसतात आणि रॉडच रॉड मिळाले असा भास होतो.

सीटॅबची दुसरी भानगड म्हणजे आयोडाइड. काही बॅचमध्ये ते अशुद्धी म्हणून असते, आणि अगदी अल्प असले तरी रॉडऐवजी गोल कण तयार होतात. कृती तंतोतंत पाळूनही द्रावण गुलाबी-लाल होत असेल आणि वर्णपटात (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याच्या आलेखात) ५२० नॅनोमीटरजवळचे एकच शिखर दिसत असेल, तर स्वतःला दोष देण्याआधी सीटॅबची बाटली बदला. चांगल्या बाटलीचा बॅच क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि त्याच बॅचच्या आणखी दोन बाटल्या मागवा.

पाणी डीआयोनाइज्डच हवे. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने सिल्व्हर नायट्रेट दुधाळ होते. काचसामान अॅक्वा रेजियाने धुवा: हायड्रोक्लोरिक आम्ल तीन भाग, नायट्रिक एक भाग, फक्त धुराड्याखाली. उरलेले अॅक्वा रेजिया बूच लावून कधीही ठेवू नका, बाटली फुटते. क्लोरोऑरिक आम्लाला स्टीलचा चमचा लावायचा नाही. सोने चमच्यावरच बसते आणि चमचा काळा पडतो. हे मीठ हवेतले पाणी ओढते, म्हणून एक ग्रॅमची कुपी फोडली की सगळी एकदम २५.४ मिली पाण्यात विरघळवा. हे ०.१ मोलर साठा-द्रावण अंधारात ठेवले तर बरेच महिने टिकते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत वजन करत बसण्यापेक्षा हे फार सोपे.

रॉड वाढवणे

ही निकूबख्त आणि एल-सय्यद यांची २००३ ची पद्धत आहे. त्यानंतर बऱ्याच सुधारणा झाल्या, पण नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

आधी बीज, म्हणजे ज्यांवर रॉड वाढतात ते सोन्याचे बारीक कण. ०.२ मोलर सीटॅब ५ मिली घ्या (१०० मिलीसाठी ७.२९ ग्रॅम लागते), त्यात ०.५ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल ५ मिली घाला. द्रावण पिवळे-केशरी दिसेल. सोडियम बोरोहायड्राइड ३८ मिग्रॅ बर्फगार पाण्यात १० मिलीपर्यंत विरघळवून लगेच दहापट पातळ करा, म्हणजे ०.०१ मोलर होईल. त्यातले ०.६ मिली, द्रावण जोरात ढवळत असताना, एका दमात ओता. दोन मिनिटे ढवळा. रंग पिवळसर तपकिरी झाला पाहिजे. लाल झाला तर बीज मोठे झाले, टाकून द्या. बोरोहायड्राइड तयार केल्यापासून वापरेपर्यंत दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त गेली की त्याचा जोर ओसरतो. एप्रिलच्या उन्हाळ्यात तर बर्फाशिवाय हात लावू नका. बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, बाटलीचे झाकण घट्ट लावू नका. बीज २५ ते २८ अंशांवर ठेवा आणि पाच मिनिटांनंतर, पण त्याच दिवशी, वापरा.

आता १०० मिलीची वाढ. ०.२ मोलर सीटॅब ५० मिली, ४ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट २.५ मिली, १ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल ५० मिली, याच क्रमाने. हलवून एकजीव करा. मग ०.०७८८ मोलर अॅस्कॉर्बिक आम्ल ०.७ मिली घाला. ते रोज ताजे करा, १० मिलीला १३९ मिग्रॅ. गडद पिवळे द्रावण काही सेकंदांत रंगहीन होते. ते रंगहीन झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. अॅस्कॉर्बिकने सोन्याला अर्ध्या वाटेवर आणून सोडलेले असते. पूर्ण धातू होण्यासाठी त्याला बीजाचा पृष्ठभाग लागतो. आता १२० मायक्रोलिटर बीज घाला, एकदाच हळू उलटेपालटे करा आणि हात लावू नका. ढवळक चालू राहिला तर आकार वेडेवाकडे होतात. दहा-वीस मिनिटांत रंग चढू लागतो, पण रात्रभर २८ अंशांवर राहू द्या.

सकाळी वर्णपट काढा. ११०० नॅनोमीटरपर्यंत जाणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो; फक्त दृश्य प्रकाशाचा कलरीमीटर उपयोगाचा नाही. ५१० ते ५२० नॅनोमीटरजवळ एक छोटे शिखर आणि ८०० च्या आसपास त्याच्या तिप्पट-चौपट उंच शिखर दिसले, की रॉडची लांबी रुंदीच्या साधारण चौपट आहे असे समजा. मोठे शिखर ७२० ला अडकले तर पुढच्या वेळी सिल्व्हर नायट्रेटची मात्रा तपासा. कमी चांदी म्हणजे आखूड रॉड. शिखर ७८० ते ८३० मध्ये कुठेही असले तरी चालते, ते पुरेसे रुंद असते. नेमके ८०८ गाठण्यासाठी आठवडे घालवणारे विद्यार्थी दिसतात, त्याची गरज नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र हवेच असेल तर आयआयटी मुंबईच्या सैफकडे (तिथल्या विश्लेषण-उपकरणांच्या केंद्राकडे) नमुना पाठवता येतो, पण रोजच्या कामाला वर्णपट पुरतो.

धुणे: हिशेब करून

या पद्धतीत घातलेल्या सोन्यापैकी साधारण १५ टक्केच रॉड होतात. बाकीचे सोने आणि सगळे सीटॅब द्रावणात राहते. मोकळे सीटॅब काही मायक्रोमोलर असले तरी पेशीपटलाला घातक, आणि इथे आहे ते १०० मिलिमोलर. दुसरीकडे ते १ मिलिमोलरच्या खूप खाली नेले तर उघडे रॉड एकमेकांना चिकटतात. म्हणून दोन टप्पे.

मायक्रोसेंट्रिफ्यूज, दीड मिलीच्या नळ्या, १२,००० फेऱ्या, १५ मिनिटे. ८ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर हा जोर गुरुत्वाच्या सुमारे १३,००० पट भरतो. पॅथॉलॉजी लॅबमधला ३,५०० फेऱ्यांचा सेंट्रिफ्यूज इथे चालत नाही. प्रत्येक नळीत तळाशी ५० मायक्रोलिटर सोडून वरचे काढा, सगळे गोळे एकत्र करून पाण्याने १० मिली करा. पुन्हा फिरवा, पुन्हा १० मिली. आता सीटॅब साधारण १.२ मिलिमोलर उरले. इथेच थांबा आणि ५,००० डाल्टनचे थायॉल-टोकाचे मिथॉक्सी पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) १० मिग्रॅ घाला. २८ ते ३० अंशांवर बारा तास मंद ढवळा. थायॉल (गंधकाचा गट) सोन्याला पकडते आणि पेगचा थर सीटॅबची जागा घेतो.

त्यानंतर तीन वेळा फिरवा. एका फेरीत सीटॅब सुमारे तीस पट खाली येते: दोन फेऱ्यांनी ते १ ते २ मायक्रोमोलर होते, तिसरीने त्याहून बरेच खाली. दोनवर समाधान मानू नका. शेवटच्या फेरीनंतर ५ मिलीत घ्या, आणि शेवटच्या फेरीचे वरचे स्वच्छ पाणी टाकून न देता वेगळ्या नळीत ठेवा. पुढे ते फार कामाला येणार आहे.

पेग बसले की नाही याची कसोटी: ०.१ मिली रॉड ०.९ मिली सलाइनमध्ये घाला आणि तासाभराने वर्णपट पाहा. शिखर जागेवर असेल तर ठीक. ते पसरले आणि रंग राखाडी-निळसर झाला तर रॉडची गुठळी झाली. अशा गुठळ्या पुन्हा सुटत नाहीत.

हाताशी किती सोने आहे हे ४०० नॅनोमीटरवरच्या शोषणावरून काढा. एक सेंमीच्या क्युव्हेटमध्ये १.२ शोषण म्हणजे ०.५ मिलिमोलर धातुरूप सोने, म्हणजेच मिलीला जवळपास ९८ मायक्रोग्रॅम. प्रयोगासाठी मात्र ८०८ नॅनोमीटरवर शोषण १० यावे अशी घनता हवी. उपकरण एवढे मोजत नाही, म्हणून वीसपट पातळ करून मोजा आणि गुणा.

लेसर

८०८ नॅनोमीटर, फायबर-जोडणीचा डायोड, २०० मायक्रॉनचा गाभा, न्यूमेरिकल अॅपर्चर ०.२२, टोकाशी निदान ३०० मिलिवॅट. बरेच जण ९८० चा डायोड स्वस्त मिळतो म्हणून घेतात. पण पाणी ९८० ला ८०८ पेक्षा वीसेक पट जास्त शोषते, त्यामुळे रॉड नसतानाही ऊती तापते आणि नियंत्रण-प्रयोगातला फरक पुसट होतो. तापमानानुसार डायोडची तरंगलांबी अंशाला सुमारे पाव नॅनोमीटर सरकते, पण रॉडचे शिखर एवढे रुंद असते की त्याची फिकीर नको. अॅल्युमिनियमचा जाड हीट सिंक मात्र हवाच. सातपूर किंवा अंबडच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये तो एका दिवसात करून मिळेल.

हा प्रकाश डोळ्याला जवळपास दिसत नाही, आणि धोका त्यातच आहे. पापणी मिटत नाही आणि दृष्टिपटल जळते. ८०८ नॅनोमीटरवर ओडी (प्रकाश अडवण्याची क्षमता) ५ किंवा जास्त असे चष्म्यावर छापलेले असेल तरच तो चष्मा घाला. हिरव्या लेसरचा चष्मा इथे शोभेचा. घड्याळ आणि अंगठी काढा, दाराला इंटरलॉक लावा, बाहेर पाटी. प्रकाश येतो आहे का हे मोबाइलच्या कॅमेऱ्यावर जांभळट ठिपका पाहून किंवा आयआर कार्डवर तपासा, चष्मा वर करून नव्हे.

पल्ससाठी आर्डुइनो पुरतो. पण टीटीएल पिन (लेसर चालू-बंद करण्याचा संकेत देणारी) आणि जमीन यांच्यात १० किलोओहमचा रोधक टाका. बोर्ड सुरू होताना पिन अधांतरी असते, आणि तेवढ्यात ड्रायव्हर (डायोडला वीज पुरवणारे मंडल) लेसर पेटवतो. ड्रायव्हरवरचा आकडा म्हणजे टोकाशी येणारी शक्ती नव्हे. थर्मल पॉवर मीटरने विद्युतप्रवाह आणि मिलिवॅट यांचा तक्ता काढून भिंतीवर चिकटवा.

चेतेकडे जाण्याआधी क्युव्हेटमध्ये एक चाचणी. १ मिली रॉड, ८०८ ला शोषण १, लेसर ३०० मिलिवॅट. नव्वद टक्के प्रकाश शोषला जातो, म्हणजे २७० मिलिवॅट, म्हणजे सेकंदाला ०.०६५ अंश. काच आणि हवेत जाणारी उष्णता धरता पहिल्या मिनिटात तीनेक अंश चढायला हवेत. नुसत्या पाण्यात हाच आकडा ०.१ अंशही नसतो. थर्मोकपल झोताच्या वाटेत येऊ देऊ नका. धातू स्वतःच तापतो आणि रॉड फार गुणी वाटू लागतात.

गांडूळ

गांडूळखताच्या बेडमधले आफ्रिकन गांडूळ, युड्रिलस युजिनी, घ्या. आयसेनिया लहान पडते. पर्याणिका (अंगावरचा जाड पट्टा) स्पष्ट दिसणारे, १५ सेंमीच्या वरचे निवडा. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव भागात गांडूळखताचे बेड शोधावे लागत नाहीत, पण एक विचारून घ्या: बेडमध्ये द्राक्षबागेतली छाटणी किंवा पाला टाकला आहे का? ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्या दाट होतात. बोर्डो मिश्रणातले मोरचूद म्हणजे तांबे, आणि ते गांडुळाला सोसत नाही. काही कीटकनाशके तर थेट चेतासंस्थेवरच काम करतात. फक्त शेण आणि केळीचे खुंट यांवर पोसलेला बेड उत्तम. हिवाळ्यात डबा खोलीत ठेवा, युड्रिलसला थंडी मानवत नाही.

सलाइन: एक लिटरला सोडियम क्लोराइड ६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१२ ग्रॅम, निर्जल कॅल्शियम क्लोराइड ०.२ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.२ ग्रॅम. बाटलीवर डायहायड्रेट लिहिले असेल तर कॅल्शियम क्लोराइड ०.२६५ ग्रॅम घ्या. कॅल्शियम सगळ्यात शेवटी, पातळ करून. नाहीतर साका बसतो.

याच सलाइनमध्ये १० टक्के इथेनॉल करून गांडूळ त्यात ठेवा. साधारण पाच मिनिटांत डोक्याला चिमट्याने स्पर्श केला तरी ते आखडत नाही. लगेच बाहेर काढून साध्या सलाइनने धुवा. पंधरा मिनिटे ठेवले तर चेताही झोपते आणि पुढचा तास फुकट जातो.

पांढऱ्या किंवा पारदर्शक सिलिकॉनच्या ताटलीत पाठ वर करून टाचा. नेहमीची काळ्या मेणाची ताटली वापरू नका. चेतारज्जू पार करून खाली गेलेला प्रकाश काळे मेण शोषते, तापते, आणि रॉडशिवायच परिणाम दिसतो. पर्याणिकेच्या मागे, मध्यरेषेवर, १० मिमी लांबीची उथळ चीर द्या. खंडांमधले पडदे कापा, आतडे उचलून काढा आणि सलाइनने दोन-तीनदा धुवा. आतड्यातला पाचकरस राहिला तर चेतारज्जू वीस मिनिटांत मऊ पडतो. तळाशी मध्यावर तांबडी अधर रक्तवाहिनी दिसेल, ती हलकेच बाजूला सारा. तिच्याखालचा पांढरट धागा म्हणजे चेतारज्जू. तीन महातंतू, मधला एक आणि कडेचे दोन, या धाग्याच्या वरच्या अंगाला असतात. आपण वरून प्रकाश टाकतो त्याला हे सोयीचे. अर्थात त्यांच्यावर आवरण आहेच, त्यामुळे रॉड पटलाला भिडतात असे समजू नका.

नोंद घेण्याची मांडणी

खिडकीच्या, म्हणजे चिरून उघडलेल्या जागेच्या, पुढे २० मिमीवर पिनांची एक जोडी, मागे २० मिमीवर दुसरी. कीटक टाचण्याच्या स्टीलच्या पिना चालतात. खिडकीत उद्दीपनासाठी ०.२ मिमी चांदीच्या तारेचे दोन आकडे, ३ मिमी अंतराने. सराफ बाजारात तार मागताना शुद्ध चांदीचीच मागा. दागिन्यासाठी तांबे मिसळलेली तार चेतेला विष होते. तारेचे टोक ब्लीचमध्ये पंधरा मिनिटे बुडवा, करडे-जांभळट झाले की सिल्व्हर क्लोराइडचा थर बसला.

प्रत्येक जोडीला एक एडी६२० ही संकेत वाढवणारी (अॅम्प्लिफायर) चिप. लाभ, म्हणजे किती पट वाढ, ठरवणारा रोधक ४९९ ओहम ठेवला की पहिल्या टप्प्यात शंभरपट. इथेच हजारपट घेण्याचा मोह टाळा: पिनांमधला काही दहा मिलिव्होल्टचा स्थिर फरकही वाढतो आणि चिपचे आउटपुट कमाल मर्यादेला टेकते. मग ०.१ मायक्रोफॅरड आणि १६ किलोओहमचा गाळक, म्हणजे १०० हर्ट्‌झखालचे बाद. त्यानंतर दहापट लाभ आणि ३ किलोहर्ट्‌झवर वरचा गाळक. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, ऑडिओ इंटरफेसचे दोन चॅनेल, लॅपटॉप चार्जरवरून काढलेला. पन्नास हर्ट्‌झची घरघर राहिलीच तर मच्छरदाणीची अॅल्युमिनियम जाळी पेटीसारखी बसवून अॅम्प्लिफायरच्या शून्याला जोडा.

आधी लेसरशिवाय खात्री करा. डोक्याला हलका स्पर्श केला की मधल्या महातंतूचा स्पाइक आधी पुढच्या, मग मागच्या जोडीवर दिसला पाहिजे. वेग सेकंदाला १५ ते ३० मीटरच्या घरात येतो. शेपटीला स्पर्श केला तर कडेचे तंतू, उलट दिशेने आणि हळू. हे दिसत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा रज्जू कापला गेलेला असतो किंवा दारू जास्त झालेली असते.

पल्स

खिडकीतले सलाइन गाळणकागदाने टिपा आणि २ मायक्रोलिटर रॉड सोडा. १० बाय २ मिमीच्या खिडकीत त्याचा थर ०.१ मिमीचा होतो. फायबरचे टोक थरापासून अर्ध्या मिमीवर, दोन आकड्यांच्या मध्ये, ऋण आकड्याकडे थोडे झुकते. ठिपक्याचा व्यास ०.४३ मिमी, म्हणजे तो तारेला लागत नाही. हे कटाक्षाने पाहा, कारण धातूवर प्रकाश पडला की खोटा संकेत येतो.

२०० मिलिवॅट, १० मिलिसेकंद: २ मिलिज्यूल. शोषण सेंमीला १० म्हणजे ०.१ मिमीच्या थरात ०.१, त्यात प्रकाशाचा पाचवा हिस्सा अडकतो. त्यातून थर सुमारे ७ अंश चढतो. खाली झिरपणारी उष्णता वजा करता ५ ते ७. हेच रॉड दहापट पातळ असते तर चढ पाऊण अंश झाला असता. म्हणून एवढे सोने आटवले. उलट पल्स ५० मिलिसेकंदांचा केला तर ऊती शिजते आणि वेग मात्र वाढत नाही. वेग हवा असेल तर शक्ती वाढवा, वेळ नव्हे. दोन पल्समध्ये १० सेकंद ठेवा.

पहिल्याच पल्सला स्पाइक येईल अशी अपेक्षा ठेवू नका. आधी विजेचा ०.२ मिलिसेकंदाचा पल्स देऊन, दहापैकी पाच वेळा स्पाइक येईल असा उंबरठा शोधा. मग त्याच्या ९० टक्क्यांवर या. आता एकही स्पाइक येऊ नये. मग प्रकाशाचा पल्स असा जोडा की तो विजेच्या पल्सबरोबर संपेल. दहापैकी किती वेळा स्पाइक येतो ते मोजा. वीज आणि प्रकाश अशी जोडी व्हँडरबिल्टच्याच गटाने वापरली होती, आणि कॉलेजच्या साधनांत हाच मार्ग खात्रीचा. उंबरठा वाढलेला दिसला तर तेही खरे निरीक्षण आहे: ऊब साचली की तंतू दबतो. पल्समधले अंतर वाढवून पुन्हा बघा.

दिसलेला संकेत खरा की भास, हे अंतरावरून कळते. खिडकीत जन्मलेला स्पाइक दोन्हीकडे धावतो आणि दोन्ही जोड्यांवर जवळपास एकाच वेळी पोहोचतो. पुढची जोडी २० वरून ४० मिमीवर नेली तर तिचा उशीर एक मिलिसेकंदाच्या आसपास वाढला पाहिजे. भास असेल तर पिना कुठेही न्या, तो पल्सच्या सुरुवातीला आणि शेवटालाच चिकटून राहतो.

नियंत्रण-प्रयोग चार, आणि प्रत्येक गांडुळावर चारही. नुसते सलाइन आणि तोच पल्स. रॉड घालून पण फायबरवर काळी फॉइल, म्हणजे ड्रायव्हरचा विद्युत गोंगाट कळतो. जपून ठेवलेले शेवटच्या फेरीचे पाणी, प्रकाशाविना वीस मिनिटे. एवढ्यात विजेने येणारे स्पाइक मंदावले तर धुणे अपुरे आहे आणि त्या बॅचवरचे सगळे निकाल रद्द. चौथा सगळ्यात सोपा: सलाइनने रॉड धुऊन टाका आणि पुन्हा पल्स द्या. पेग लावलेले रॉड पटलाला धरून राहत नाहीत, तेव्हा परिणाम जायला हवा. बेझानियांच्या गटाने कणांना पेशीला घट्ट बांधणारे रेणू जोडले होते, म्हणून त्यांचा परिणाम धुतल्यावरही टिकला. तुमचाही टिकला, तर एकतर रॉड गुठळ्या होऊन अडकले आहेत किंवा तापतेय ते दुसरेच काही.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत २ मायक्रोलिटरचा थर काही मिनिटांत आटतो, क्षार घट्ट होतात आणि तंतू आपोआप धडधडू लागतो. हे प्रकाशाचे यश समजून नाचणारे पुष्कळ असतात. ओल्या कापसाने कडा झाका आणि पाच मिनिटांत एक फेरी उरका.

पेग लावलेले रॉड ४ अंशांवर ठेवता येतात. पेग नसलेले फ्रिजमध्ये कधीच नाही. वापरण्याआधी दर वेळी वर्णपट काढून पहिल्या दिवसाच्या आलेखावर ठेवून बघा. सोन्या-चांदीचे आणि सीटॅबचे सांडपाणी वेगवेगळ्या बाटल्यांत साठवा. सीटॅब जलचरांना घातक आहे, ते मोरीतून जाऊ द्यायचे नाही. सोन्याची बाटली भरली की रसायनशास्त्र विभागाकडे सोपवा, त्यातले ८५ टक्के सोने अजून तिथेच असते.